दिवसाला २६ मिनिटं पुढं

पुढं पळालेलं घड्याळ कुणाला खटकत नाही. मागं पडलं तर बस चुकते, साहेबांची बोलणी बसतात. पुढं पळालं तर माणूस कोल्हापुरात कावळा नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहतो आणि म्हणतो, आज ड्रायव्हरला उशीर झालाय. गेल्या पावसाळ्यात मी असा पंधरा दिवस छत्री धरून ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. बिचारा रोज वेळेवर येत होता.

घड्याळ आप्पांचं. एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल्स, पांढरी तबकडी आणि तिच्यावर देवनागरीत ‘जनता’. आप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. हंगामात रात्री दोन वाजता उसाच्या गाड्या लागल्या की पावतीवर वेळ पडायची ती याच घड्याळातली. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि २०१६ साली सरकारनं घड्याळांची ती कंपनी बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात आपल्याकडं किती नवऱ्या मुलांच्या मनगटावर एचएमटी चढलं असेल, मोजदाद नाही. आप्पांनी मात्र ते बोनसमधून, स्वतःच्या हौसेनं घेतलेलं. ते गेल्यावर माझ्याकडं आलं. मी ते साफ करून घेतलं, तेव्हापासून दिवसाला वीस-तीस सेकंद इकडं तिकडं, यापलीकडं त्यानं कधी तक्रार केली नव्हती.

सुरुवातीला ते दिवसाला तीन-चार मिनिटं पुढं जायला लागलं. सकाळी चावी देताना मोबाइल बघून काटे मागं घ्यायचे, की झालं. वय झालंय म्हणून सोडून दिलं. मग एका सोमवारी बघतो तर रात्रीत अकरा मिनिटं पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लावलं, तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघितलं. २६ मिनिटं!

मी क्वालिटीत काम करतो, आकडा दिसला की गप्प बसवत नाही. जनताचा बॅलन्स, म्हणजे आतलं मागंपुढं झुलणारं चाक, तासाला १८ हजार ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. २६ मिनिटं पुढं म्हणजे दिवसात जवळजवळ आठ हजार ठोके जास्तीचे. घड्याळाला एवढी घाई कशाची झाली असेल?

महाद्वार रोडच्या एका बोळात एक घड्याळजी बसतात. दुकान म्हणजे चार फुटांचं लाकडी टेबल, वर काचेची पेटी आणि मागं भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी दहा-बारा घड्याळं. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. घड्याळ हातात घेऊन त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. कानाला लावलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “पाव्हणं, कुठं कामाला हायसा?”

“शिरोलीला. एमआयडीसीत.”

“फौंड्रीत?”

“नाही मामा, मशीन शॉपला. क्वालिटीत.”

“मग बोला की! दिवसभर लोहचुंबकात हात घालून बसायचं आणि घड्याळ पळतंय म्हणायचं व्हय?”

त्यांनी ड्रॉवरमधून एक होकायंत्र काढलं, शाळेच्या कंपासपेटीत असतं तसलं प्लास्टिकचं. टेबलावर ठेवलं, सुई थांबू दिली आणि माझं घड्याळ तिच्या शेजारी आणून हळूहळू फिरवायला लागले. नऊच्या आकड्याची बाजू जवळ आली तशी सुईचं लाल टोक घड्याळाकडं ओढलं गेलं. घड्याळ अर्धं वळवून तीनची बाजू पुढं केली तर तेच लाल टोक लांब पळालं. “बघितलासा? ओढतंय बी आणि ढकलतंय बी.”

हे बारकाव्यानं सांगतोय, कारण घरी तपासताना लोक इथंच फसतात. होकायंत्राजवळ कुठलंही लोखंड नेलं की सुई हलतेच. घड्याळाच्या आत पोलादाचे भाग असतात, मागचं झाकण असतं, तेवढ्यानं ती वळणारच. नुसती ओढली जाते, म्हणजे तिथं लोखंड आहे, एवढंच कळलं. एका बाजूनं ओढली आणि दुसऱ्या बाजूनं ढकलली तर आत चुंबक झालाय. प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी, हे शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य. पंचवीस-तीस वर्षांनी महाद्वार रोडवर कामाला आलं.

आता चुंबकानं घड्याळ का पळतं, ते. बॅलन्सचं चाक एका केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागंपुढं झुलतं. तिला हेअरस्प्रिंग म्हणतात, मामा बालकमानी म्हणतात. जिलबीसारखी सपाट वेटोळी, एकमेकांना कुठंही न टेकणारी. झोका किती वेळात पुरा होणार हे स्प्रिंगच्या लांबीवर ठरतं. ती चुंबकली की शेजारशेजारची वेटोळी एकमेकांना ओढतात, कधी कधी चक्क चिकटतात. चिकटलेला भाग स्प्रिंग म्हणून कामच करत नाही, म्हणजे उरलेली स्प्रिंग आखूड झाली. आखूड स्प्रिंग ताठ असते, चाकाला लवकर परत फिरवते, घड्याळ पळतं. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून माझं २६ मिनिटांचं गणित, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपासची घाई, मांडून बघितलं तर स्प्रिंग साडेतीन टक्के आखूड झाल्यासारखं होतं. एवढ्याशा चिकटण्यानं अख्खा दिवस अर्ध्या तासानं बिघडतो. चुंबक जास्त असला तर घड्याळ तासाला काही मिनिटं पळतं, कधी उलट मागं पडतं, कधी बंदच पडतं.

मामा म्हणाले, “पन्नास रुपये द्या, काढून देतो.”

इथं माझी अक्कल चरायला गेली. माझं रोजचं काम काय, तर क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याची तपासणी. जॉबमधून, म्हणजे त्या दांड्यातून, करंट सोडून तो चुंबकायचा, वरून चमकणाऱ्या पावडरीचं तेल सोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. पृष्ठभागावर तडा असला की पावडर तिथं गोळा होते आणि हिरवी रेघ उजळते. तपासणी झाली की त्या क्रँकशाफ्टमधलं चुंबकत्व पुन्हा काढावं लागतं, नाहीतर लोखंडाचा कीस चिकटून बेअरिंग खातो. मग गॉसमीटर लावून बघायचं, गॉस हे चुंबकाचा जोर मोजायचं माप. ग्राहकाची अट तीन गॉसच्या आतली. दिवसाला दीड-दोनशे जॉबचं चुंबकत्व उतरवणारा मी, या बोळात बसलेल्या मामांना पन्नास रुपये देऊन घड्याळाचं उतरवून घेऊ? म्हटलं, “राहू दे मामा, आमच्याकडं मोठं मशीन हाय.” मामा काही बोलले नाहीत. फक्त घड्याळ परत देताना हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडिंगच्या टेबल डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व उतरवणाऱ्या मशीनवर गेलो. इस्त्रीच्या टेबलासारखी सपाट लोखंडी पाटी असते, खाली कॉइल, बाजूला स्विच. घड्याळ पाटीवर मधोमध ठेवलं. स्विच टाकला. घड्याळ थरथरलं, मशीन घुमलं. मनात दहा आकडे मोजले आणि स्विच बंद केला. घड्याळ उचलून हाताला बांधलं आणि ताक प्यायला गेलो.

संध्याकाळी साडेपाचला ते नऊ मिनिटं पुढं होतं. रात्री जेवताना बंद पडलं, झटकलं तर चाललं, परत बंद पडलं.

त्या मशीनच्या वर भिंतीला एक पाटी आहे. नवी पोरं ऐकत नाहीत म्हणून मीच लाल मार्करनं लिहून लावलेली. ‘जॉब लांब काढल्याशिवाय स्विच बंद करू नये.’ पाटीखाली उभा राहून मी नेमकं तेच केलं होतं.

लोखंडाच्या आत चुंबकाचे बारीक बारीक प्रदेश असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांच्या मागं माणसं कशी एकाच वाटेनं निघतात, तसे हे प्रदेश एका दिशेला लागले की लोखंडाचा चुंबक होतो. यात्रा फुटली की जो तो आपापल्या गावाला, कुणाचं तोंड पन्हाळ्याकडं, कुणाचं वाठारकडं. एकूण गर्दी कुठंच जात नाही. आपल्याला लोखंडात ही पांगापांग करायची असते. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा उलटंपालटं होतं आणि घड्याळातल्या त्या प्रदेशांना इकडून तिकडं आपटत राहतं. त्याच वेळी घड्याळ हळूहळू लांब नेलं की प्रत्येक आपटणं आधीच्यापेक्षा थोडं हलकं होत जातं. पाच सेकंदांत लांब नेलं तर अडीचशे फेऱ्या, प्रत्येक मागचीपेक्षा लहान, शेवटी शून्याच्या जवळ. घड्याळ कॉइलवर असतानाच स्विच बंद केला तर क्षेत्र त्या क्षणी ज्या दिशेला आणि ज्या जोराचं असेल त्याची छाप तशीच राहते. नशीब चांगलं असेल तर थोडी, माझ्यासारखं असेल तर पहिल्यापेक्षा जास्त.

रविवारी परत महाद्वार रोड. मामांनी विचारलं, “मोठ्या मशीनला न्हाई जमलं?” मी शंभराची नोट पुढं केली. त्यांनी आधी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बालकमानी बघितली. का, तर तिच्यावर तेल उडालं असलं तरी वेटोळी अशीच चिकटतात आणि घड्याळ असंच पळतं. होकायंत्र गप्प असेल आणि घड्याळ पळत असेल तर रोग हा, मग घड्याळ खोलून धुण्याशिवाय इलाज नाही. माझी बालकमानी कोरडी होती. झाकण लावलं. टेबलाखालून निळी प्लास्टिकची डबी काढली, साबणाच्या वडीएवढी. घड्याळ तिच्यावर धरलं, बटण दाबलं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ वर उचलत नेलं, सावकाश, देवासमोरची निरांजन वर न्यावी तसं, पार डोक्याच्या वर हात जाईपर्यंत. मग बटण सोडलं. घड्याळ आडवं करून परत एकदा. सुईजवळ नेलं. कुठल्याच बाजूनं ढकललं नाही.

आठ-दहा सेकंदांचं काम. पन्नास रुपये परत देत म्हणाले, “कंपनीत सांगू नगा.”

म्हणून इथं लिहितोय.

तसली निळी डबी मी नंतर साडेतीनशे रुपयांना मागवली. ज्यांच्याकडं चावीची किंवा ऑटोमॅटिक दोन-चार घड्याळं आहेत त्यांनी घ्यायला हरकत नाही, एकच घड्याळ असेल तर तुमच्या गावातले मामा बरे. डबीचं बटण दाबल्यापुरतंच चालू राहतं आणि आतली कॉइल पटकन तापते, म्हणून पाच-सात सेकंदांच्या वर एका दमात दाबू नये, मधे गार होऊ द्यावी. घड्याळ हातभर लांब गेल्याशिवाय बटणावरचं बोट उचलायचं नाही. हे मी दोनदा लिहितोय असं समजा. डबी टेबलावर आणि घड्याळ हातात ठेवलं तर सोपं जातं, दोन्ही हातांत धरलं की घाई होते. दुसरं घड्याळ, मोबाइल, एटीएम कार्ड तेवढ्या वेळेपुरतं लांब ठेवा. सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळाला सहसा याची गरज पडत नाही. त्याची छोटी मोटर चुंबकाजवळ अडखळते आणि लांब नेल्यावर परत चालायला लागते, फक्त वेळ नव्यानं लावावी लागते.

आणि घड्याळाला चुंबक लागला म्हणजे घड्याळ कामातून गेलं, असं नाही. काही झिजत नाही, तुटत नाही. कुणी यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे हजार-दीड हजार सांगितले तर आधी होकायंत्र मागा.

डबी आल्यावर रिकाम्या वेळेत जरा वाचलं. घड्याळवाल्यांची ही डोकेदुखी जुनी आहे. जुन्या साध्या पोलादी हेअरस्प्रिंग उन्हाळ्या-हिवाळ्यानं बिघडायच्या आणि चुंबकालाही लगेच बळी पडायच्या. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञानं निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले, त्यातला इन्व्हार १८९६ चा. त्याला १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. घड्याळाच्या स्प्रिंगलाही कामी आलेल्या मिश्रधातूंवरून नोबेल, हे वाचून मामांबद्दलचा आदर आणखी वाढला. पुढं निव्हारॉक्ससारखे मिश्रधातू आले, ते साध्या पोलादापेक्षा पुष्कळ बरे, पण चुंबकापुढं पूर्ण निर्धास्त नाहीत. मग दुसरी युक्ती निघाली, यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी घालायची. चुंबकीय रेषांना लोखंडातून जाणं सोपं पडतं, त्या कडेकडेनं निघून जातात आणि आतल्या यंत्राला शिवत नाहीत. पंचगंगेचं पाणी चढलं की बांध घालून बाजूनं काढून द्यावं, तसं. ब्रिटिश हवाई दलासाठी केलेलं आयडब्ल्यूसीचं मार्क ११ असलं होतं. १९५६ चं रोलेक्सचं मिलगॉस तर नावातच हजार गॉस घेऊन आलं. अलीकडं स्प्रिंगच सिलिकॉनची करतात, ती चुंबकतच नाही. ओमेगानं २०१३ साली १५ हजार गॉस सहन करणारं घड्याळ दाखवलं. १५ हजार गॉस म्हणजे दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय मशीनएवढं. ते घेण्याची माझी ऐपत नाही आणि मला आप्पांचंच घालायचं आहे.

साध्या घड्याळावर ‘अँटीमॅग्नेटिक’ लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं, आता काही होत नाही. आयएसओ ७६४ या मानकाची अट आहे ४८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे सुमारे ६० गॉसची. तेवढ्या क्षेत्रात घड्याळ चालू राहिलं पाहिजे आणि नंतर दिवसाला ३० सेकंदांच्या वर फरक पडता कामा नये. ६० गॉस म्हणजे काहीच नाही. हल्ली मिळणाऱ्या नखाएवढ्या निओडिमियम चुंबकाच्या अंगाला दोन-तीन हजार गॉस सहज असतात. सुदैवानं ते झपाट्यानं उतरतं. छोट्या चुंबकापासून जरा लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. चार बोटं लांब ठेवलं तरी भागतं. टेकवलं की मेलं.

एवढं सगळं कळल्यावर मी शहाण्यासारखं कामावर घड्याळ काढून ठेवायला लागलो. ग्राइंडरवर जॉब चुंबकानं धरून ठेवणारा मॅग्नेटिक चक, डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड, तपासणीचं मशीन, सगळ्यांपासून लांब. शिफ्ट सुरू झाली की घड्याळ बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आणि बॅग लॉकरमध्ये. दहा दिवस घड्याळ सरळ चाललं. अकराव्या दिवशी सात मिनिटं पुढं.

मी होकायंत्र घेऊन घरभर हिंडलो. मोबाइलमध्येही चुंबकत्व मोजायचं ॲप मिळतं, ते मायक्रोटेस्लात आकडा दाखवतं. शंभर मायक्रोटेस्ला म्हणजे एक गॉस. नुसतं पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडं चाळीसच्या आसपास दाखवतं, जास्त दिसलं की तिथं काहीतरी आहे. फ्रिजच्या दाराचं रबर निघालं. टीव्हीखालचा स्पीकर निघाला. मुलीच्या टॅबचं कव्हर निघालं, त्याचं झाकण आपोआप का मिटतं ते तेव्हा कळलं. आईचा गुडघ्याचा चुंबकाचा पट्टा निघाला, त्यानं गुडघ्याचं काय भलं होतं देव जाणे, सुई मात्र गरागरा फिरवली. पण यातलं काहीच घड्याळाच्या जवळ येत नव्हतं.

बायको ओट्याशी कांदा चिरत माझा हा खेळ बघत होती. म्हणाली, “अहो, तुमच्या बॅगेचा तो पुढचा कप्पा नुसता टेकवला तरी टक्कन बंद होतो की.”

बॅग आणली. कप्प्याच्या फडक्याखाली रुपयाच्या नाण्याएवढं बटण, शिवून टाकलेलं, वरून दिसतसुद्धा नाही. होकायंत्र नेलं तर सुई त्याच्याकडं अशी वळली की हलायला तयार नाही. मॅग्नेटिक चकपासून वाचवायला मी रोज आठ तास घड्याळ एका चुंबकावर झोपवून ठेवत होतो.

डबी काढली, बटण दाबून घड्याळ डोक्याच्या वर नेलं, बोट मग उचललं. दोन महिने झाले, दिवसाला अठरा-वीस सेकंद पुढं आहे, एवढं त्याचं चालतंच. कामावर ते आता जेवणाच्या डब्याच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या कप्प्यात रुमालात गुंडाळून ठेवतो. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, होकायंत्रानं चारी बाजूंनी तपासलेला. परवा संध्याकाळी बायकोनं डबा घासायला घेतला, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “ह्याला लोणच्याचा वास येतोय.”